पुस्तक फाटलं तर?

“दादी, वुजू करको आऊं क्या?”

उंबऱ्याबाहेर चपला काढून शेजारचा सहा-सात वर्षांचा मुलगा उभा होता. ओसरीत मी फळांचा एक रिकामा प्लॅस्टिकचा क्रेट आडवा ठेवला होता. त्यात चाळीसेक गोष्टींची पुस्तकं उभी लावली होती आणि त्याला म्हटलं होतं, “तेरेकू जो होना वो किताब ले.” त्यानं दोन्ही तळहात शर्टाला पुसले, एक पाऊल पुढं टाकलं, आणि मग हा प्रश्न विचारला. पुस्तक कसलं, तर माकड आणि मगरीचं!

आतून माझी सून खळखळून हसली. मला काही हसू आलं नाही. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना वाचायला शिकवून मी घरी बसले होते, आणि माझ्याच गल्लीतल्या मुलाला पुस्तक म्हणजे सहजी हात न लावायची वस्तू वाटत होती.

ही गोष्ट २०२० च्या डिसेंबरातली. त्याच वर्षी मे अखेरीस मी निवृत्त झाले. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळं ना निरोप समारंभ, ना शाल-नारळ. शाळेच्या किल्ल्या कागदात गुंडाळून दिल्या आणि आले. गल्लीतली मुलं दिवसभर आई-बापाच्या मोबाईलला चिकटलेली. शाळा मोबाईलवर, खेळ मोबाईलवर, भांडणं तेवढी समोरासमोर. रिकामा क्रेट घरात होता, पुस्तकं कपाटात पडून होती, म्हणून मांडली. त्यात काही फार मोठा विचार नव्हता.

मलकापूर म्हटलं की बाहेरची माणसं बुलढाण्याकडचं समजतात, नाही तर शाहूवाडीचं. आमचं मलकापूर कराडला खेटून, पुणे-बंगळूर हायवेच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. माझं माहेर कराडचं. मशिदीचे जुने उंच मनोरे दिसतील अशा अंतरावर अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानामागं आमचं घर. त्या घरात पुस्तक एकच, कुरआन शरीफ. हिरव्या मखमली जुजदानात बांधलेलं आणि कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलेलं. अम्मी ते काढायची तेव्हा आधी वुजू, मग डोक्यावर ओढणी, मग रेहाल. एकदा जुजदान हातातून निसटलं, तर तिनं उचलून चुंबलं, डोळ्यांना लावलं, आणि तेवढ्या वजनाचे गहू सदका म्हणून काढून ठेवले. ते बघून आम्ही भावंडं पुस्तकाशी कसं वागायचं हे शिकलो. त्यात वाईट काहीच नव्हतं. अल्लाहच्या कलामाचा अदब तसाच राखायचा असतो. पण घरात दुसरं पुस्तकच नसलं की मुलाच्या मनात सगळीच पुस्तकं त्या फळीवर जाऊन बसतात, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

मग मी वाचायला कुठं शिकले? शाळेत अक्षरं शिकले, पण वाचायला शिकले ते दुकानात. अब्बा जुन्या वर्तमानपत्रावर माप आखून कागदी नमुने कापायचे. बाहीचा नमुना, कॉलरचा, पायजम्याच्या आसनाचा. काम झालं की ते तुकडे माझे. त्यावर ‘पुढारी’तली अर्धी बातमी असायची, सिनेमाची जाहिरात असायची, एखाद्या खुनाच्या खटल्यातली साक्ष असायची आणि ती नेमकी कॉलरच्या वळणावर तुटायची. पुढं काय झालं असेल ते मी मनात रचायची. त्या कागदांना कुणी मान देत नव्हतं. ते चुरगाळले, फाडले, त्यांच्यावर भजी ठेवून खाल्ली तरी कुणी काही बोलत नव्हतं. अब्बांना मराठी जेमतेम यायचं. पण मशीन चालवता चालवता ते विचारायचे, “क्या लिख्या है गे?” आणि मी वाचून आमच्या बोलीत सांगायची. बालभारतीनं १९७१ च्या नोव्हेंबरात ‘किशोर’ सुरू केलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या गुरुजींनी आणलेला त्याचा एक अंक वर्गातून फिरत फिरत माझ्याकडे आला, तेव्हा त्याला पाठपोट राहिलेलं नव्हतं. मला ते फार बरं वाटलं. कोरा असता तर कदाचित मी घेतलाच नसता.

एवढं सगळं अनुभवूनही मी शिक्षिका झाल्यावर काय केलं, ते आता लिहिलंच पाहिजे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा’ योजना आली. प्राथमिक शाळांना फळे, तक्ते, खेळणी मिळाली आणि गोष्टींची पुस्तकंही मिळाली. आमच्या शाळेत पेटीभर पुस्तकं आली आणि त्यांचा चार्ज माझ्याकडे आला. ज्यांनी ही नोकरी केली नाही त्यांना डेडस्टॉक रजिस्टरचा धाक कळायचा नाही. प्रत्येक पुस्तकाला नंबर, प्रत्येक नंबरपुढं किंमत, आणि तपासणीत एक जरी कमी भरलं तरी वसुली चार्जवाल्याकडून. मी ती सगळी पुस्तकं खाकी कव्हरं घालून लोखंडी कपाटात लावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. वर्षातून एकदा, तपासणीच्या आदल्या दिवशी, कपाट उघडायचं, धूळ झटकायची, मोजायची, बंद करायचं. एका वर्षी साहेबांनी शेरा दिला, ‘ग्रंथसाठा उत्तम स्थितीत.’ मी तो शेरा घरी येऊन नवऱ्याला वाचून दाखवला होता! उत्तम स्थितीत असणारच, कारण ती पुस्तकं एकाही मुलानं वाचली नव्हती.

त्यातलंच एक पुस्तक मी १९९० साली घरी आणलं होतं. पाठ तयार करायचा होता. हत्तीची गोष्ट होती, चित्रं मोठी आणि मजकूर थोडा. माझा थोरला तेव्हा चार वर्षांचा. मी स्वयंपाकघरात आणि हा बॉलपेन घेऊन पुस्तकावर. बाहेर येऊन बघते तर हत्तीच्या चारही पायांना यानं चाकं काढलेली. निळी, गरगरीत, दाबून दाबून काढलेली. आणि मोठ्या खुशीत तो मला ती दाखवत होता. मला मात्र हत्ती दिसला नाही, चाकं दिसली नाहीत. मला रजिस्टर दिसलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन.

तसंच दुसरं पुस्तक विकत आणून मी कपाटात ठेवलं. हिशेब जुळला. खराब झालेलं घरीच राहिलं. त्यानंतर माझ्या या मुलानं शाळेच्या धड्यांखेरीज पुस्तक म्हणून हातात धरलं नाही. तो काही बुद्धीनं कमी नव्हता. हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे, आवाजावरून गाडीत काय बिघडलंय ते सांगतो. खूप वर्षांनी, तिशी ओलांडल्यावर, एकदा जेवताना सहज म्हणाला, “अम्मी, तेरी किताबां का मेरेकू डर लगता था.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मीठ मागावं तसं तो बोलला. मी पुढं जेवू शकले नाही.

म्हणून त्या मुलानं वुजूचं विचारलं तेव्हा मी त्याला आत बोलावलं, एक पुस्तक उचललं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. तो दचकला. म्हटलं, “फाट गई तो फाट गई. मैं सी देती.” आणि खरंच मी शिंप्याची मुलगी. सुई-दोरा, मैद्याची खळ आणि सुती कापडाच्या पट्ट्या यांनी मी त्यानंतर किती पुस्तकं शिवली असतील त्याची मोजदाद नाही. रजिस्टर ठेवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं. पहिल्या वर्षात वीसेक पुस्तकं परत आली नाहीत. एकाचं निम्मं बकरीनं खाल्लं आणि बकरीवालीनं भरपाई म्हणून अंडी आणून दिली. हरवलेल्या पुस्तकांचं मी दुःख केलं नाही असं म्हणणार नाही. पण ती कुठल्या तरी घरात, गादीखाली, फ्रीजवर, कुठं तरी आहेत. माझ्या त्या जुन्या कपाटापेक्षा बऱ्या जागी आहेत.

पुस्तकं हातात आली, पण ती वाचेनात. नुसती चित्रं बघून ठेवून देत. एका मुलीला मी एक ओळ वाचायला सांगितली. तिनं घडाघडा वाचली, एकही अक्षर चुकलं नाही. मग विचारलं, काय झालं गोष्टीत? ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या पोरांचं असं आहे : सकाळी फजरनंतर नूरानी कायदा, उजवीकडून डावीकडे. दहा वाजता बालभारती, डावीकडून उजवीकडे. दोन्हीकडे हजरत किंवा बाई अक्षर दाखवतात, मुलं उच्चार करतात, उच्चार बरोबर आला की शाबासकी. अरबीचा अर्थ कळत नाही हे सगळ्यांना मान्य आहे. मराठीचा कळतो असं सगळे धरून चालतात. आणि घरी तिसरीच बोली, आमची दखनी. ती कुठल्याच पुस्तकात नाही. उर्दू म्हणावी तर आमच्या भागातल्या बहुतेक घरांत ती आजोबांबरोबर गेली. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानं दाखवून दिलं की शिकणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी तीन-चार टक्केच मुलं मदरशात असतात. बाकीची सगळ्यांसारखी सरकारी नाही तर खाजगी शाळांत. म्हणजे आपल्या मुलांच्या वाचनाचा प्रश्न हा मराठी शाळेतल्या वाचनाचाच प्रश्न आहे. आणि तो काही एकट्या आपला नाही. ‘असर’च्या २०२२ आणि २०२४ च्या पाहण्यांत देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला नाही. आमच्या मुलांच्या वाट्याला त्यात बोलीचा एक उंबरा जास्त.

शाळेत मी स्वतः हा उंबरा उंच केला होता. “घरचं घरी. इथं शुद्ध बोल,” हे वाक्य मी किती मुलांना ऐकवलं असेल! आता ओसरीत मी उलटं सुरू केलं. पुस्तक मराठीच, पण एक पान मराठीत वाचायचं आणि तेच पान आमच्या बोलीत सांगायचं. माकड मगरीला म्हणतं, “मेरा कलेजा तो झाड पो रह गया की गे!” त्या दिवशी मुलं हसून लोळली. माकड आपल्यासारखं बोलतं ही त्यांच्या दृष्टीनं केवढी मोठी बातमी होती! दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी कंटाळले, ती कंटाळली नाहीत. आठ-दहा दिवसांनी ती घडाघडा वाचणारी मुलगी मध्येच थांबून म्हणाली, “दादी, मराठी में ‘काळीज’ लिख्या है, अच्छा है ना?” तिला दोन शब्द एकाच वस्तूचे सापडले होते. मी इतकी वर्षं भाषा शिकवली, पण मुलाला एखादा शब्द ‘अच्छा’ वाटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आया संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर टेकू लागल्या. यालाही एक कारण आहे, आणि ते माझं कर्तृत्व नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मलकापुरात मीटर लावून चोवीस तास पाणी देणारी योजना झाली. लांबलांबून लोक ती बघायला येतात. त्याआधी बायकांचं घड्याळ नळ ठरवायचा. पाण्याची वेळ म्हणजे घागरी, बादल्या, भांडणं आणि मुलांना धपाटे. नळाला कधीही पाणी यायला लागलं आणि बाईला टेकायला वेळ मिळाला. वाचनसंस्कृतीवरच्या परिसंवादात नळाचा विषय कधी निघत नाही, तो निघायला हवा.

विरोध झालाच नाही असं नाही. चित्रांच्या पुस्तकांवरून एकांनी शंका काढली, की ज्या खोलीत नमाज होते तिथं माकडं-मगरी कशाला. क्रेट ओसरीतच राहील, आत येणार नाही, असं सांगितल्यावर ते गप्प झाले. पुढं त्यांचाच नातू सगळ्यांत जास्त पुस्तकं नेऊ लागला. हजरतांचं मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं. ते स्वतः आले, उकिडवे बसून सगळी पुस्तकं चाळली आणि उर्दूतलं काही नाही का, एवढंच विचारलं. मग मुंबईहून निघणाऱ्या ‘गुल बूटे’ या उर्दू बालमासिकाचे जुने अंक कुठून तरी मिळवून त्यांनीच आणून ठेवले. खरा विरोध आला तो गाईडवाल्यांचा. “मॅडम, कहानियां पढ को क्या मिलता? स्कॉलरशिप का कुछ लेव ना.” हे म्हणणाऱ्या आयांना मी दोष देत नाही. ज्या घरात फीचे पैसे मोजून दिले जातात तिथं गोष्ट ही चैनच वाटते. पण मोबाईलपेक्षा मला या गाईडांची भीती जास्त वाटते. मोबाईलवर निदान मूल हसतं तरी.

त्याच सुमारास, २०२१ च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या शाळकरी मुलीनं, मरियमनं, आपल्या मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय सुरू केलं. स्वतःची पुस्तकं आणि वडिलांनी घेऊन दिलेली, अशी मिळून तीनशेच्या आसपास पुस्तकं. पुढं मोहल्ल्या-मोहल्ल्यांत तशी तीसहून अधिक वाचनालयं उभी राहिली. ही बातमी वाचली तेव्हा थोडी लाज वाटली. बारा वर्षांच्या मुलीला जे उमगलं ते मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत उमगलं नव्हतं. पण धीरही आला.

१५ ऑक्टोबरला शाळांतून ‘वाचन प्रेरणा दिन’ होतो, २०१५ पासून. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. भाषणं ठरलेली : कलामसाहेबांनी लहानपणी वर्तमानपत्रं वाटली, गरिबीतून वर आले. ‘अग्निपंख’मध्ये त्यांनी आणखी एका माणसाविषयी लिहिलंय, ते भाषणांत सहसा येत नाही. रामेश्वरमला एस. टी. आर. माणिकम नावाचे एक जुने क्रांतिकारक राहत होते. त्यांच्या घरी पुस्तकांचा मोठा संग्रह होता आणि तो त्यांनी या मुलाला वाचायला मोकळा करून दिला होता. मशिदीच्या गल्लीतला मुलगा, माणिकमांचं घर आणि उघडं कपाट! मला त्या दिवशी माणिकमांचाही फोटो लावावासा वाटतो.

२०२३ च्या फेब्रुवारीत क्रूझर भाड्यानं करून अकरा मुलांना भिलारला नेलं. पाचगणीजवळचं, आमच्याच सातारा जिल्ह्यातलं हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालंय, वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेतलेली. पंचवीसेक घरांत आणि देवळा-शाळांत पंधराएक हजार पुस्तकांनी सुरुवात झाली. कुणीही आत जावं, बसावं, वाचावं. खरं सांगायचं तर मुलांचं निम्मं लक्ष स्ट्रॉबेरीत होतं. पण लोकांच्या घरात, त्यांच्या सोफ्यावर बसून त्यांची पुस्तकं वाचायची आणि घरची बाई रागवत नाही, हे त्यांना खरं वाटेना. आमच्यातला एक पठ्ठ्या स्ट्रॉबेरीनं लाल झालेली बोटं पाठीमागं लपवून उभा राहिला. त्या घरच्या आजींनी ओला फडका आणून दिला आणि हातात पुस्तक दिलं. परतताना गाडीत त्यानं विचारलं, “दादी, उनकी किताबां भी फटती होंगी ना?”

माझी नात आता सहा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात क्रेट उपसताना तिला तळाशी ते जुनं हत्तीचं पुस्तक सापडलं. ते तिथं कसं गेलं ते मला ठाऊक नाही, सुनेनं रद्दी आवरताना टाकलं असावं. निळ्या चाकांचा हत्ती बघून ती अशी काही किंचाळली की गल्लीतली पोरं गोळा झाली. दोन दिवसांत ते सगळ्यांच्या मागणीचं पुस्तक झालं, ‘चाकवाला हाथी’. लेखकाची गोष्ट बाजूला राहिली. हत्ती हायवेनं कराडहून कोल्हापूरला जातो, वाटेत टोलनाक्यावर अडकतो, अशी नवीच गोष्ट पोरं सांगू लागली. ओढाओढीत एक दिवस नेमकं तेच पान मधून फाटलं. नात रडली नाही. पुस्तक घेऊन सरळ बापाच्या दुकानात गेली. मी घाबरून तिच्या मागं गेले, कशाला घाबरले ते मला तरी कुठं नीट सांगता येतंय.

दुकानात ट्रकचं चाक खोलून ठेवलेलं होतं, ड्रायव्हर घाई करत होता. मुलानं काळे हात पॅन्टला पुसले आणि पुस्तक घेतलं. पंक्चर काढायचं सोल्युशन फाटलेल्या दोन्ही कडांना बोटानं लावलं, फुंकर मारली, पान जुळवलं आणि ट्यूबवर ठिगळ दाबावं तसं अंगठ्यानं दाबून धरलं. पानावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. मग त्यानं ते जरा लांब धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली.

“पीछे का चाक छोटा निकाल्या मैंने,” तो म्हणाला, आणि पुस्तक मुलीच्या हातात देऊन ट्रककडे वळला.